तासगावकरांचं मलेशियातलं टेनिस

माझं तासगावात मेडिकल आहे. ताप-खोकल्याचं औषध न्यायला आलेली माणसं हल्ली गोळ्या हातात पडल्या तरी हलत नाहीत. "मॅडम, ते मलेशियाचं काय झालं होतं हो?" म्हणून काउंटरला रेलून उभी राहतात. एक किस्सा सांगितला की मागचा माणूस दुसऱ्याची आठवण करून देतो, दुसरा सांगितला की तिसरा निघतो, आणि असं करता करता दुकानात औषधांपेक्षा किश्श्यांचाच स्टॉक जास्त झालाय. त्यात आमच्यातला प्रत्येक जण सांगताना आपापलं मीठ घालतो. म्हणून म्हटलं, खरं काय घडलं ते लक्षात आहे तोवर सांगून टाकावं.

आधी मंडळी. आमच्याकडे टेनिसचं एकच कोर्ट आहे, बेदाण्याच्या शेडला लागून. उंच मारलेला बॉल शेडमध्ये गेला की बेदाण्यातून हात घालून शोधावा लागतो. रोज सकाळी तिथं आम्ही तिघं खेळतो. तात्या खरात मूळचे आटपाडीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. कुठल्याशा छावणीत एका साहेबांचा पार्टनर आजारी पडला म्हणून तात्यांना कोर्टवर उभं केलं, तेव्हापासून त्यांनी रॅकेट खाली ठेवलेली नाही. बशीरभाई तांबोळी बेदाण्याचे व्यापारी. ते खेळतात कमी आणि खेळाबद्दल बोलतात जास्त. हे दोघंही सत्तरी ओलांडलेले. तिसरी मी, साठीला टेकलेली. आणि चौथे आमचे हे, दिलीपराव, द्राक्षबागाईतदार. ते खेळत नाहीत, पण आम्ही कसं खेळायला हवं ते त्यांना नेहमी माहीत असतं.

आमच्या मुलानं पुण्याहून कळवलं की मलेशियात मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहेत. पोहणं, धावणं, तिरंदाजी, टेनिस, सगळे खेळ एकाच गावात. उद्घाटनाचं संचलन असतं, पदकं असतात, पोडियम असतो. अट एकच, खेळाडू तरुण नको. आणि निवड चाचणी वगैरे काही नसते. नाव नोंदवायचं आणि जायचं.

मी आणि बशीरभाई ऐकून खूश झालो. तात्यांचा मात्र चेहरा पडला.

*

"सिलेक्शन न्हाई म्हंजे? देशाकडनं खेळायचं आणि सिलेक्शन न्हाई? मग कोन बी उठून जाईल की."

मी म्हटलं, तात्या, ते उठून जाणारे म्हणजे आपणच आहोत. पण तात्यांना ते पटेना. फौजेत साधा बँडवालासुद्धा चाचणी देऊन घेतात, असं त्यांचं म्हणणं. चाचणी झाल्याशिवाय आपण पासपोर्टसुद्धा काढणार नाही म्हणाले. शेवटी दिलीपरावांना निवड समिती केलं. समिती लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसली, गळ्यात शिट्टी.

पळणं, सर्व्हिस आणि कोर्टाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊन परत येणं, अशा तीन परीक्षा होत्या. मी पास झाले. तात्या तर वर्गात पहिले. बशीरभाई पळता पळता मध्येच थांबले, कारण त्यांना बेदाण्याच्या दराचा फोन आला. बोलून झाल्यावर ते उरलेलं अंतर चालत आले.

तात्या म्हणाले, नापास. रूल म्हणजे रूल.

अडचण अशी की बशीरभाई गळाले तर तात्यांना दुहेरीत जोडीदार कोण? समिती चहा पिऊन परत बसली आणि निकाल जाहीर केला. तात्या आणि मी गुणवत्तेवर. बशीरभाई व्यापारी कोट्यातून.

बशीरभाईंना याचं काहीच वाईट वाटलं नाही. ते अजून बाजारात सांगतात, "गुणवत्तेत काय, दोन जागा, दोन माणसं. खरी चुरस आमच्या कोट्यात होती."

*

मग बातमी गावभर झाली, आणि स्टँडसमोर आमचा फ्लेक्स लागला. 'ऑलिंपिकला निघालेल्या आमच्या खेळाडूंना हार्दिक शुभेच्छा.' फोटोत आम्ही तिघं, आणि आमच्या हातात कॉम्प्युटरनं घातलेल्या बॅडमिंटनच्या रॅकेट.

मला ते बघून कसंतरी झालं. फ्लेक्स लावणारा पोरगा ओळखीचा, त्याला दुकानात बोलावून समजावलं की बाबा, हे ऑलिंपिक नाही. उगाच लोकांचा गैरसमज नको. तो शब्द काढ. त्याने मान डोलावली, सॉरी म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी खरंच नवीन फ्लेक्स लावला.

'ऑलिंपिकपेक्षाही मोठ्या स्पर्धेला निघालेल्या आमच्या खेळाडूंना हार्दिक शुभेच्छा.'

रॅकेट बॅडमिंटनच्याच होत्या. मी पुन्हा काही बोलले नाही. तिसरा फ्लेक्स काय निघाला असता सांगता येत नाही.

*

संचलनासाठी ब्लेझर हवा, हे दिलीपरावांच्या डोक्यातून निघालं. एव्हाना ते निवड समितीवरून थेट संघाचे मॅनेजर झाले होते. त्यांनी टीव्हीवर मोठ्या स्पर्धांचं उद्घाटन बघितलेलं, त्यात सगळे देश कसे एकसारख्या कोटात चालतात. त्यांनी त्यातला एक फोटो मोबाइलवर घेतला आणि आमच्या ओळखीच्या टेलरमास्तरांकडे दिला. आंतरराष्ट्रीय काम आहे, जरा उठावदार करा, असंही सांगितलं.

मास्तरांचा हात चांगला. पण लग्नसराईत ते बँडवाल्यांचे ड्रेस शिवतात, हे दिलीपरावांच्या लक्षात आलं नाही. उठावदार म्हणताच मास्तरांनी खांद्यावर सोनेरी झालर लावली, बाहीवर तीन पट्ट्या ओढल्या आणि छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा. निघायच्या आदल्या दिवशी कोट हातात आले, तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तात्यांना कोट फार आवडला. त्यांनी तो घालून आरशासमोर सॅल्यूट मारून बघितला.

मलेशियात संचलनाच्या मैदानावर पोचलो तर देशोदेशीची माणसं रांगा लावत होती. आम्हा चौघांना बघून एक स्वयंसेवक बाई लगबगीनं आल्या आणि अगदी आदरानं आम्हाला पुढं घेऊन गेल्या. दिलीपराव मला हळूच म्हणाले, बघ, कोटाचा परिणाम. आपल्याला पहिल्या रांगेत नेतायत.

नेलं पहिल्याच रांगेत. तिथं बँड उभा होता.

मी इंग्रजीत सांगायला लागले की आम्ही टेनिसचे आहोत, पण तेवढ्यात ढोल सुरू झाला. आणि ढोल सुरू झाल्यावर तात्यांना कोण थांबवणार? त्यांनी छाती काढली, डावा पाय उचलला आणि निघाले. त्यांच्या मागून आम्ही. सगळ्या देशांच्या पुढं, बँडच्या मधोमध, तासगाव. बशीरभाईंच्या हातात कुणीतरी झांजा दिल्या, बहुतेक त्यांचे हात रिकामे बघून.

खरं सांगते, वाईट नाही वाजवल्या त्यांनी.

*

अशा स्पर्धांत खेळ पुष्कळ आणि मैदानं लांब लांब असतात, म्हणून प्रत्येक खेळाची बस वेगळी. कुठल्या बसमध्ये बसायचं हे बघण्याचं काम मॅनेजरचं. माझ्या एकेरीच्या दिवशी दिलीपरावांनी आम्हाला जागं करून, नाश्ता देऊन, वेळेच्या आधी बसमध्ये बसवलं. बसच्या काचेवर पाटी होती, 'टेन'. पूर्ण नाव लिहायला जागा नसेल, असं ते म्हणाले, आणि आम्हालाही ते पटलं.

बस एका मोठ्या एसी हॉलसमोर थांबली. आत गुळगुळीत लाकडी पट्ट्या, आणि लांब टोकाला पांढऱ्या बाटल्यांसारख्या दहा खुंट्या उभ्या. ते टेनपिन बोलिंग होतं. जड चेंडू घरंगळत सोडायचा आणि खुंट्या पाडायच्या. 'टेन' म्हणजे तेच. टेनिसच्या बसवर टेनिस असं पूर्ण लिहिलेलं असतं, हे तिथल्या बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं.

परतीच्या बसची वाट बघत दिलीपराव आणि मी दारात उभे. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. आत सरावाच्या पट्टीवर एक जण बशीरभाईंना खुणेनं म्हणाला, टाकून बघ. बशीरभाईंनी चेंडू उचलला, बेदाण्याचं खोकं सरकवतात तसे दोन पाय फाकवून वाकले आणि दोन्ही हातांनी ढकलला. चेंडू इतका सावकाश गेला की मध्ये थांबतो की काय असं वाटलं. पण थांबला नाही. एकेक करत सगळ्या खुंट्या आडव्या. हॉल टाळ्या वाजवायला लागला.

मी टेनिसच्या मैदानावर पोचले तेव्हा माझी प्रतिस्पर्धी, फिलिपीन्सची एक हसरी बाई, वॉकओव्हर घेऊन आइस्क्रीम खात बसली होती. तिनं मलाही एक दिलं. माझी आंतरराष्ट्रीय एकेरीची कारकीर्द ती एवढीच.

दिलीपराव दिवसभर माझ्या मागं मागं पाण्याची बाटली घेऊन फिरत होते. बशीरभाई संध्याकाळी जेवताना गंभीरपणे म्हणाले, "भाभी, राग नका धरू. पण माझा खेळ टेनिस नव्हताच. चाळीस वर्षं चुकीच्या बसमध्ये होतो."

*

मिश्र दुहेरीत मी आणि तात्या. समोर ऑस्ट्रेलियाची जोडी. एक उंच गोरी बाई, आणि तिच्याबरोबर काळा गॉगल, मोठी टोपी, तोंडाला पांढरं क्रीम फासलेला एक गडी. बोर्डावर त्याचं नाव 'सॅम'.

तात्यांनी पहिल्याच गेममध्ये डाव आखला. आपली भाषा यांना कळत नाही, तेव्हा जे बोलायचं ते मोठ्यानं बोलू, असं मला म्हणाले. मला जरा संकोच वाटत होता. तात्यांना नाही.

"ताई, त्या गड्याचा डावा गुडघा ढिला हाय. लय लंगडतोय. तिकडंच मार." नंतर, "त्याला पळीव, पोट बघ केवढं हाय." नंतर, "म्हातारं नुसतं क्रीम लावून आलंय, खेळायचं कवा म्हणं?" हे म्हणणारे तात्या त्याच्याहून दहा वर्षांनी मोठे.

सॅम शांतपणे खेळत होता. आम्ही दोन्ही सेट त्याच्या डाव्या बाजूला मारत राहिलो, आणि तो प्रत्येक बॉल परत करत राहिला. हरलो. पण सहा-चार, सहा-चार हरलो, म्हणजे इज्जतीत.

मॅच संपल्यावर हात मिळवायला नेटपाशी गेलो. सॅमनं आधी माझ्याशी, मग तात्यांशी हात मिळवला. मग गॉगल काढला.

"तात्या, डावा न्हाई, उजवा ढिला हाय. दोन सेट चुकीच्या गुडघ्यावर मारलासा."

संपतराव जाधव, कडेगावचे. तीस वर्षं ऑस्ट्रेलियात.  तात्यांनी नेटवरूनच वाकून संपतरावांच्या उजव्या गुडघ्याला हात लावला आणि विचारलं, "तेल बिल लावतासा का न्हाई?" मग दोघं सावलीत बसून गुडघ्यांवर बराच वेळ बोलले. पोटाचा विषय दोघांनीही काढला नाही.

*

सत्तरीच्या पुढच्या पुरुष दुहेरीत तात्या आणि बशीरभाई. पहिली मॅच थायलंडच्या जोडीशी. सहा-शून्य, सहा-शून्य. त्यात लपवण्यासारखं काही नाही, सांगण्यासारखंही नाही.

मॅच संपताच अंगावर जॅकेट घातलेला एक माणूस आला आणि तात्यांना बाजूला घेऊन गेला. उत्तेजक द्रव्याची तपासणी. अशा स्पर्धांत कुणाचंही नाव निघू शकतं, आणि त्या दिवशी तात्यांचं निघालं. माझं मेडिकल, त्यामुळं निघण्याआधी मी दोघांच्याही गोळ्या तपासून घेतल्या होत्या. काढा तेवढा राहून गेला होता. तात्या सकाळी कसला तरी काढा पितात, त्यात काय काय असतं ते त्यांनाही सांगता येत नाही.

आम्ही बाहेर बाकावर बसून राहिलो. बशीरभाई धीर देत होते. पुष्कळ वेळानं दार उघडलं आणि तात्या बाहेर आले. ताठ चालत, मिशीला पीळ देत.

मी विचारलं, तात्या, काय झालं? घाबरला नाहीत ना?

"घाबरायचं काय त्यात? लोकांची टेस्ट जिंकल्यावर करत्यात. आपुन झिरोनं हारलो तरी केली. म्हंजे त्यांस्नी आपल्या खेळात काय तरी दिसलं आसंल."

मग ते पाणी प्यायला गेले. बशीरभाई उठून त्या जॅकेटवाल्याला शोधायला निघाले. आपली टेस्ट का केली नाही, हे त्यांना विचारायचं होतं.

निकाल चांगला आला. काढ्यात काही नव्हतं.

*

त्या गटात सगळ्या मिळून तीनच जोड्या होत्या. म्हणजे ब्राँझ पदक पक्कं, फक्त दुसरी मॅच खेळून संपवायची. आम्ही तिघं त्यातच आनंदात होतो. तात्या नव्हते. एकही गेम न जिंकता गळ्यात पदक घालून घ्यायला त्यांचा जीव तयार नव्हता. रात्रभर त्यांना झोप नव्हती. सकाळी मला म्हणाले, ताई, मॅच नको, सेट नको. एक गेम. एक गेम मिळाला तर मी मान वर करून ते पदक घेईन.

समोर जपानचे दोन आजोबा. एक उंच, एक बुटके, दोघंही ऐंशीच्या घरातले. प्रत्येक पॉइंटनंतर कमरेत वाकून नमस्कार करायचे. वाकायचे हळू, पण खेळायचे भारी. पहिला सेट सहा-शून्य. दुसरा पाच-शून्य. सहाव्या, हरलो तर शेवटच्या, गेमला सर्व्हिस तात्यांची.

आणि त्या गेममध्ये तात्यांच्या अंगात काय आलं कुणास ठाऊक. चाळीस-तीस. एक पॉइंट, आणि गेम आपला. मी कोर्टाच्या कुंपणाच्या जाळीला धरून उभी होते. दिलीपरावांनी डोळे मिटून घेतले होते.

रॅली लांबली. बुटक्या आजोबांनी एक बॉल लाइनच्या कडेनं मारला, आणि तो पडला बाहेर. लिंबाएवढा बाहेर. मी बरोबर त्या लाइनीत उभी होते, मला दिसला. तिथं लाइनवर पंच नसतात, आपल्या बाजूचा बॉल आपणच सांगायचा असतो. तात्या क्षणभर थांबले, जमिनीकडे बघितलं, आणि हात आडवा करून खूण केली. आत.

बशीरभाईंनी मागं वळून तात्यांकडे असं बघितलं की काय सांगू.

पण बुटके आजोबा नेटपाशी आले. मान हलवत, बोटानं दाखवत. बाहेर होता. पॉइंट तुमचा. तात्या म्हणाले, आत होता, तुमचा. आजोबा वाकले आणि म्हणाले, बाहेर. तात्याही वाकले आणि म्हणाले, आत. कुणी ऐकेना, तेव्हा रेफ्री बाईंना बोलावलं. बाईंनी आयुष्यभर याच्या उलटी भांडणं बघितलेली. दोघांना इंग्रजी नीट येत नाही म्हणून उलटंसुलटं बोलतायत, असं त्यांना वाटलं. त्यांनी जपानीसाठी एक दुभाषी बाई आणल्या आणि मराठीसाठी जाळीपलीकडून मला आत घेतलं. मी तात्यांचं इंग्रजीत सांगायचं, त्या बाईंनी आजोबांचं. तरी तेच निघालं. दोन्हीकडून पॉइंट समोरच्याचा.

रेफ्री बाई म्हणाल्या, पॉइंट परत खेळा.

तात्यांनी सर्व्हिस केली, सरळ मागच्या जाळीवर. दुसरीही जाळीवर. जो पॉइंट आपला नाही तो आपण घेणार नाही. ड्यूस, म्हणजे बरोबरी. आता सर्व्हिस घ्यायला समोर उंच आजोबा. त्यांनी तात्यांकडे बघितलं, मान लववली आणि तात्यांची साधी सर्व्हिस परतवताना अलगद नेटमध्ये मारली. ॲडव्हान्टेज तात्या. तात्यांनी पुढचे दोन्ही बॉल पुन्हा जाळीवर घातले. ड्यूस. आजोबा नेटमध्ये. तात्या जाळीवर. शेजारच्या कोर्टावरची माणसं खेळ थांबवून बघायला आली. रेफ्री बाई बाकावर बसल्या. बशीरभाई नेटपाशी रॅकेट टेकून उभे, त्यांच्याकडे बॉल येण्याचा प्रश्नच नव्हता. एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "भाभी, मला घरी कळवायचंय. उशीर होईल म्हणून सांगू का?"

पुन्हा ॲडव्हान्टेज तात्या. पहिली सर्व्हिस जाळीवर. दुसरी मारायला त्यांनी बॉल वर उडवला, पण हात आता थकला होता. रॅकेटच्या कडेला लागून बॉल विचित्र वळला, आणि समोरच्या चौकोनात पडून बुटक्या आजोबांच्या बाजूनं सूं करून निघून गेला. आजोबा हललेसुद्धा नाहीत.

एस. तात्यांच्या आयुष्यातला पहिला.

रेफ्री बाईंनी उडी मारून बोर्डावर एकचा आकडा लावला आणि कुणी काही बोलायच्या आत लांबच्या कोर्टाकडे चालू लागल्या. दिलीपरावांनी डोळे उघडले. बशीरभाईंनी तात्यांना मिठी मारली. पण तात्या त्यांना सोडवून नेटकडे गेले. चेहरा एवढासा झालेला. मला म्हणाले, ताई, त्यांस्नी सांग, चुकून आत गेला. मुद्दाम न्हाई मारला. माफी माग.

मी दुभाषी बाईंना सांगितलं. त्यांनी आजोबांना सांगितलं. बुटक्या आजोबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, तात्यांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघितलं, कमरेत वाकले आणि समजूत काढावी तसं हळू आवाजात काहीतरी म्हणाले.

दुभाषी बाई माझ्याकडे वळल्या.

"ते म्हणतायत, सर्व्हिस बाहेर होती."